शिस्त: बंदुकीच्या एका छिद्राचा इतिहास

मराठी शाळेत 'शिस्त' हा शब्द जितक्या वेळा कानावर पडतो तितके फार थोडे शब्द पडत असतील. परिपाठाची रांग, गणवेश, वह्यांची कव्हरं, मधल्या सुट्टीतला गोंगाट, सगळीकडे शिस्त. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे एकच शब्द दोन्ही वर्गांत वेगवेगळ्या कपड्यांत भेटतो. उर्दूत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणं. फारसीतला 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात घालतात ते कडंही. तुर्क आणि मोगल तिरंदाज दोरी अंगठ्याने ओढत, म्हणून हे कडं लागायचं. अंगठ्यावरून कडं, कड्यावरून नेम, असा तो शब्द सरकत आला. जुन्या मराठीतही 'शिस्त' म्हणजे नेमच होता. डोळा, शस्त्र आणि लक्ष्य एका सरळ रेषेत आणणं ही शिस्त. पुढे ती सरळ रेष शाळेच्या मैदानावर आली आणि मूळ अर्थ मागे राहिला.

पुरता गेला मात्र नाही. एनसीसीच्या मैदानावर तो आजही रोज ऐकू येतो. रायफल शिकवणारा उस्ताद कॅडेटला सांगतो, 'दुरुस्त शिस्त लो'. गंमत अशी की एनसीसीच्या ब्रीदवाक्यात 'एकता और अनुशासन' आहे. म्हणजे वागण्याची शिस्त तिथे अनुशासन झाली आणि नेमाची शिस्त शिस्तच राहिली.

हा लेख त्या दुसऱ्या शिस्तीबद्दल आहे. त्यातही एका फार छोट्या वस्तूबद्दल, रायफलच्या मागच्या बाजूला डोळ्याजवळ बसवलेल्या बारीक छिद्राबद्दल. इंग्रजीत तिला अपर्चर साईट म्हणतात, नेमबाज नुसतं 'पीप' म्हणतात. दीड-दोन मिलिमीटरच्या या भोकात विज्ञान आहे, साम्राज्य आहे, आपलं नगर आणि कोल्हापूर आहे. आणि कुणावर किती विश्वास ठेवायचा हा जुना प्रश्नही आहे.

डोळ्याची अडचण

बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक छोटा उंचवटा असतो. त्याला आपण माशी म्हणतो, उर्दूत मक्खी. मागच्या बाजूला साध्या बंदुकीत इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखी खाच असते. खाचेच्या मधोमध माशी, माशीच्या टोकावर लक्ष्य, की झाली शिस्त. ऐकायला सोपं आहे, पण डोळ्याला ते जमत नाही. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे, लक्ष्य शंभर-दोनशे मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. माशी नीट दिसली तर खाच धूसर होते आणि लक्ष्यही पुसट होतं. तरुण डोळा भराभर पुढे-मागे करून वेळ मारून नेतो. चाळिशी लागली की तेही संपतं. मराठीने वाचायच्या चष्म्यालाच 'चाळिशी' हे नाव देऊन टाकलं आहे, त्यामुळे माझ्या वयाच्या वाचकांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

आता एक प्रयोग करा. जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा, चष्मा काढा, भोक डोळ्याशी अगदी जवळ धरा आणि त्यातून या ओळी वाचा. अक्षरं स्पष्ट होतील, फक्त उजेड थोडा कमी वाटेल. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण पसरत डोळ्यात शिरतात आणि ते पडद्यावर एकत्र आले नाहीत तर चित्र धूसर होतं. भोक लहान असलं की फक्त अरुंद झोत आत येतो, पसरायला जागाच उरत नाही. म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

मागच्या खाचेऐवजी हे भोक बसवलं की दोन गोष्टी साधतात. तीनऐवजी दोनच वस्तूंकडे पाहायचं उरतं, माशी आणि लक्ष्य. भोकाकडे पाहायचं नसतं, भोकातून पाहायचं असतं. दुसरी गोष्ट, डोळा आपोआप भोकाचा मध्य शोधतो. गोलाच्या मध्यावर वस्तू ठेवणं माणसाला न शिकवता येतं. खाचेत माशी डावीकडे सरकली की उजवीकडे, हे ठरवायला सराव लागतो.

तिसरा फायदा अंतराचा. खाच डोळ्याच्या फार जवळ ठेवली तर ती अगदीच धूसर होते, म्हणून तिला पुढे नळीवर बसवावं लागतं. भोक मात्र डोळ्याजवळच हवं असतं. त्यामुळे मागची खूण आणि पुढची माशी यांतलं अंतर वाढतं. पहिल्या महायुद्धातल्या ली-एनफिल्ड रायफलवर हे अंतर सुमारे १९ इंच होतं, आणि भोक असलेल्या नंतरच्या नंबर ४ रायफलवर सुमारे २८ इंचांच्या वर गेलं. हिशेब करून पाहा. नेमात एका मिलिमीटरची चूक झाली तर ३०० यार्डांवर पहिल्या रायफलची गोळी सुमारे ५७ सेंटिमीटर बाजूला जाईल, दुसरीची सुमारे ३८ सेंटिमीटर. हात तोच, डोळा तोच, चूक तेवढीच.

तोटाही आहे. भोक जितकं लहान तितका उजेड कमी. संध्याकाळी, जंगलात, धावत्या लक्ष्यावर बारीक भोक कामाचं नाही. म्हणून सैनिकाचं भोक मोठं आणि स्पर्धेतल्या नेमबाजाचं लहान. आजच्या स्पर्धेतल्या पीपमध्ये तर कॅमेऱ्यासारखं भोक लहानमोठं करायची सोय असते.

भोक कुणाचं?

विषय असा निघाला की आपल्यातले काही जण लगेच म्हणतात, 'हा शोध तर मुसलमानांचा'. थोडं थांबून पाहू.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-हैसम यांनी लहान भोकातून अंधाऱ्या खोलीत येणाऱ्या प्रकाशाचा कसून अभ्यास केला. ग्रहणाच्या वेळी भोकातून पडणारी सूर्याची प्रतिमा भोकाच्या आकारमानाप्रमाणे कशी बदलते, भोक मोठं असेल तर चंद्रकोर का दिसत नाही, हे त्यांनी एका स्वतंत्र ग्रंथात मांडलं. 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा मोठा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या प्रकाशशास्त्राचा पाया ठरला. ॲस्ट्रोलेब नावाच्या खगोलयंत्रावर फिरती पट्टी असते, तिच्या दोन्ही टोकांना भोक पाडलेल्या छोट्या पाती असतात. दोन्ही भोकांतून तारा दिसला की त्याची उंची मोजायची. नमाजाच्या वेळा काढायलाही हे यंत्र वापरत. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्र सूरी या जैन पंडितांनी १३७० मध्ये त्यावर 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. म्हणजे भोकातून शिस्त धरणं आपल्या देशाला बंदुकीच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि ते ज्ञान अरबी, फारसी, संस्कृत असं सहज हिंडत होतं.

पुढे उस्मानी तुर्कांच्या रायफलींवर मागच्या बाजूला उभी पट्टी दिसते आणि तिच्यात एकावर एक भोकं. जवळच्या माऱ्याला खालचं भोक, लांबच्या माऱ्याला वरचं. जगभरच्या संग्रहालयांत अशा तुर्की बंदुका आहेत. पण युरोपातही जुन्या आडव्या धनुष्यांवर भोकाची शिस्त होती, आणि इब्न अल-हैसम वाचून कुण्या लोहाराने बंदुकीला भोक पाडलं, असा पुरावा नाही. भोक अनेकांनी पाडलं. आपला वाटा आहे तेवढा मान्य करावा, सगळा वाडा आपला म्हणू नये. इतिहास लिहिणाऱ्याला तेवढी शिस्त पाळावीच लागते.

तुर्कांचा आणि नगरचा संबंध मात्र पक्का आहे. विजापूरच्या बुरुजावरची 'मलिक-ए-मैदान' ही सुमारे ५५ टनांची तोफ मुहंमद बिन हुसेन रूमी या तुर्काने १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली. 'तोफ' हा शब्द तुर्की. 'बंदूक' अरबी, तिचा मूळ अर्थ हेझलनट नावाचं फळ, मग तेवढी मातीची गोळी, मग गोळी उडवणारं हत्यार. 'गोलंदाज', 'तिरंदाज' यांतला 'अंदाज' फारसी, म्हणजे फेकणारा. 'नेमबाज' या शब्दात अर्धी मराठी, अर्धी फारसी. नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या मराठीत फारसी जवळजवळ नाही. पुढच्या चारशे वर्षांत तिच्यात ही सगळी भर पडली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी तोफ तोफच राहिली आणि बंदूक बंदूकच. सैनिक ज्या शब्दाने हुकूम ऐकतो तो कोशाने बदलत नाही.

शिस्त काढून घेतलेली बंदूक

१८५७ चा उठाव म्हटला की एनफिल्ड रायफल आणि तिची चरबी लावलेली काडतुसं आठवतात. गाय आणि डुक्कर, हिंदू आणि मुसलमान, हा धडा पाचवीच्या पोरालाही पाठ असतो. पण उठाव मोडल्यानंतर त्या रायफलचं काय झालं, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल त्या काळची अव्वल बंदूक होती. नळीच्या आत पिळाच्या खोबणी, त्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ जाते. मागे शेकडो यार्डांपर्यंतच्या आकड्यांची वरखाली होणारी पट्टी. उठावानंतर इंग्रजांना प्रश्न पडला की इतकं अचूक हत्यार पुन्हा देशी शिपायाच्या हाती द्यायचं का? उत्तर म्हणून १८५८ चा नवा नमुना आला. बाहेरून अगदी एनफिल्ड. आत मात्र खोबणी खरवडून नळी गुळगुळीत केलेली, आणि वरखाली होणारी पट्टी काढून तिथे एक साधी, न हलणारी खाच. लांबचा नेम धरायची सोयच काढून घेतली. शिपाई हवा होता, कवायत हवी होती, पगार घेऊन मरणारा माणूस हवा होता. फक्त त्याचा नेम अचूक असायला नको होता.

पुढेही हेच धोरण. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री आल्या तेव्हा देशी पलटणींकडे स्नायडर, गोऱ्यांना ली-मेटफर्ड आल्या तेव्हा देशींकडे मार्टिनी. नेहमी एक पिढी मागे. १९१४ मध्ये भारतीय पलटणी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरावर उतरल्या, तेव्हा कुठे त्यांच्या जुन्या रायफली जमा करून नव्या दिल्या गेल्या. समोर जर्मन उभे राहिल्यावर विश्वास ठेवणं भाग पडलं.

शिपायाचं हे, तर रयतेचं काय? १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदुस्थानी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले, टिळकांनीही त्यावर टीका केली. मुद्दा बंदुकीपेक्षा अपमानाचा होता. आपल्याच देशात आपल्यावरच अविश्वास.

कोल्हापूरचा चषक, लंडनची चांदमारी

याच दहा-पंधरा वर्षांतली एक गोष्ट मात्र मराठी इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

इंग्लंडात १८५९ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. १८६० च्या जुलैत विम्बल्डनच्या माळावर पहिली स्पर्धा भरली आणि राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली. रायफल लोखंडी चौकटीत घट्ट बसवलेली, नेम आधीच धरून ठेवलेला, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या केंद्रापासून इंच-दीड इंचावर गोळी लागली. ती रायफल व्हिटवर्थची होती. त्या काळात व्हिटवर्थ आणि रिग्बी यांच्या खास स्पर्धेच्या रायफलींवर दस्त्याजवळ उभी मोजपट्टी आणि तिच्यात वरखाली सरकणारं बारीक भोक बसू लागलं. हजार यार्डांवरच्या स्पर्धा याच भोकातून होऊ लागल्या. लष्कराच्या रायफलींवर खाच आणि हौशी नेमबाजांच्या रायफलींवर भोक, अशी वाटणी बरीच वर्षं राहिली. सेनाधिकाऱ्यांना भोक नाजूक वाटे, चिखलाने बुजेल, अंधारात दिसणार नाही.

१८७० मध्ये कोल्हापूरचे तरुण छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडला गेले. वय अवघं वीस. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स इथे त्यांचं निधन झालं. दहनाची तिथे रीत नव्हती, खास परवानगी घेऊन नदीकाठी संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. त्या जागी त्यांचं स्मारक आहे आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक आजही 'इंडियनाचा पूल' म्हणतात.

या राजाच्या नावाने आणखी एक वस्तू मागे राहिली. कोल्हापूरच्या राजाने दिलेला चषक म्हणून १८७१ पासून रायफल संघटनेच्या स्पर्धेत 'कोलापोर कप' सुरू झाला. स्पेलिंग जुनं, गाव आपलं. ब्रिटन आणि साम्राज्यातल्या इतर देशांचे संघ त्यासाठी खेळत. १८९० मध्ये स्पर्धा विम्बल्डनहून बिस्ली इथे गेली, चषकही गेला. आजही तो सामना होतो. आठ जणांचा संघ, ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून प्रत्येकी दहा मोजल्या जाणाऱ्या गोळ्या. आता सगळ्यांच्या रायफलींवर भोकाचीच शिस्त असते.

तारखा शेजारी ठेवून पाहा. १८५८, देशी शिपायाच्या बंदुकीवरची नेमाची पट्टी काढली. १८७१, एका मराठी राजाचा चषक इंग्रजांच्या अचूक नेमाला बक्षीस म्हणून ठेवला गेला. १८७८, त्या राजाच्या देशातल्या माणसाच्या हातून बंदूक काढून घेतली. बक्षीस आपलं, नेम त्यांचा. कोल्हापूर म्हटलं की आपल्या वाचकांना शाहू महाराज आणि १९०६ सालचं मुस्लिम बोर्डिंग आठवतं, ते योग्यच आहे. पण हा चषकही त्याच गादीचा आहे.

नगरचे बोअर कैदी

भोक हौशी लोकांच्या रायफलीवरून सैनिकाच्या रायफलीवर आलं ते मार खाल्ल्यानंतर. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेला हैराण केलं. ते शिकारी होते, लांबून नेम धरून एकेक गोळी मारत. त्या युद्धातले हजारो बोअर कैदी समुद्रापलीकडे पाठवले गेले, आणि त्यांतल्या काहींची छावणी आपल्या अहमदनगरात होती. उर्दूच्या वाचकाला नगरचा कैदखाना म्हटलं की मौलाना आझाद आणि 'गुबार-ए-खातिर' आठवतं. किल्ल्यातला तो कारावास १९४२ ते १९४५ चा. त्याच्या चाळीस वर्षं आधी या गावाने दाढीवाले, डच बोलणारे, आयुष्यभर रायफल खांद्यावर वागवलेले कैदी पाहिले होते. नेवाशाहून नगर साठेक किलोमीटर, आणि त्या नगरात जगातले नावाजलेले नेमबाज तारेच्या कुंपणाआड बसलेले.

बोअर युद्धाने ब्रिटिश लष्कराला चांदमारीचं शिक्षण मुळापासून बदलायला लावलं. नव्या रायफलचा विचार सुरू झाला. १९१३ चा प्रायोगिक नमुना आणि त्यातून आलेली पॅटर्न १४ रायफल, दोन्हींवर डोळ्याजवळ भोक. महायुद्ध सुरू झालं म्हणून जुनी ली-एनफिल्डच पुढे चालली. तिच्यावर मुख्य शिस्त खाचेचीच होती. डाव्या बाजूला २,८०० यार्डांपर्यंतच्या लांबच्या माऱ्यासाठी एक वेगळी तबकडी आणि तिच्यासाठी छोटं भोक होतं, पण तेवढ्या अंतरावर कुणी नेम धरत नाही, म्हणून १९१६ मध्ये ते काढून टाकलं. मग दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून नंबर ४ रायफल मोठ्या प्रमाणात निघाली आणि साध्या ब्रिटिश शिपायाच्या डोळ्यापुढे भोक आलं. ३०० यार्डांच्या झटपट नेमासाठी मोठं भोक, आणि पट्टी उभी केली की १,३०० यार्डांपर्यंत सरकणारं लहान भोक.

भारतात काय झालं? ईशापूरचा कारखाना जुनी खाचेचीच .३०३ बनवत राहिला. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हाती बहुतांश तीच होती. त्यानंतर एसएलआर आली, ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल. तिच्या मागच्या बाजूला भोकाची पट्टी, २०० ते ६०० पर्यंतचे आकडे. नंतरच्या पिढ्यांतल्या असंख्य जवानांनी आणि एनसीसी कॅडेटांनी शिस्त घेतली ती या भोकातून.

वर्तुळात वर्तुळ

आता परत कोल्हापूरला येऊ. आजच्या ऑलिंपिक रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही, भोकच वापरायचं असतं. पुढच्या टोकालाही माशीऐवजी एक कडी असते. मागचं गोल भोक, त्यात पुढची गोल कडी, त्यात लक्ष्याचा काळा गोल. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ. तिन्हींचे मध्य जुळले की बोट दाबायचं. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाएवढा. ५० मीटरवर तो १०.४ मिलिमीटरचा.

मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि २००२ मध्ये म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स ठरल्या. २०१० मध्ये त्याच म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. ज्या गादीने दीडशे वर्षांपूर्वी बक्षीस दिलं, त्या जिल्ह्याच्या मुलांनी आता बक्षीस आणलं.

या खेळात ताकदीला फार किंमत नाही. किंमत आहे श्वासाला, स्थिर बसण्याला, एकच गोष्ट साठ वेळा तशीच करण्याला. म्हणजे शिस्तीला, मराठी आणि उर्दू दोन्ही अर्थांनी.

नाव बघा आपलं

हे सगळं मी वर्गात सांगतो, कारण मला एक वेगळी अडचण दिसते. दहावीनंतर आमच्या काही मुली ज्युनिअर कॉलेजला जातात, तिथे त्यांना एनसीसीत जावंसं वाटतं. गणवेश, परेड, शिबिर, नंतर भरतीत आणि नोकरीत होणारा उपयोग, सगळं त्यांना ठाऊक असतं. घरचा विरोध पूर्वी वाटायचा तसा पडद्यावरून किंवा मुलगी आहे म्हणून दरवेळी नसतो. एका वडिलांनी मला सरळ विचारलं, "सर, बेटी के हात में बंदूक का फोटू कोई मोबाइल पे घुमाया तो? नाम देखो ना अपना."

नाव बघा आपलं. या वाक्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि त्या बापाला भित्रा म्हणणं तर अजिबात बरोबर नाही. इतर कुणाच्या मुलीचा तोच फोटो अभिमानाने स्टेटसला लागतो, आपल्या मुलीच्या फोटोखाली काय लिहिलं जाईल याची त्याला धास्ती आहे. ही धास्ती हवेतून आलेली नाही.

मी त्यांना १८५८ च्या बंदुकीची गोष्ट सांगितली. सरकारला तेव्हा आपल्या शिपायाची भीती वाटली म्हणून त्याने त्याच्या बंदुकीवरची शिस्त काढली. त्यात हिंदू शिपाईही होता आणि मुसलमानही. ते परकं राज्य होतं, विश्वास ठेवणं त्याला परवडत नव्हतं. आजचं राज्य आपलं आहे. ते स्वतः आपल्या मुलीच्या हाती सरकारी रायफल देतं, सरकारी मैदानावर, सरकारी उस्तादासमोर, आणि म्हणतं, 'दुरुस्त शिस्त लो'. देशाने ठेवलेला हा विश्वास आहे. फोटो फिरवणाऱ्याच्या भीतीने तो आपणच नाकारला, तर १८५८ चं काम आपण आपल्या हाताने पुरं करतो. बंदुकीवरची पट्टी या वेळी कुणी काढत नाही, आपणच काढून देतो.

त्यांनी लगेच होकार दिला नाही. घरी बोलतो म्हणाले. महिनाभराने फॉर्मवर सही करून दिली, आणि एक अट घातली की फोटो काढला तर गणवेशातला, टोपीसकट, नावाची पट्टी दिसेल असा काढायचा. घुमायचाच असेल तर पुरा फोटो घुमू दे, असं त्यांचं म्हणणं. मला ती अट आवडली.

माझ्यासारख्या भाषाशिक्षकाच्या हाती बंदूक नसते, शब्द असतात. म्हणून मराठी शिकवणाऱ्या आणि उर्दू शिकवणाऱ्या सगळ्या सहकाऱ्यांना एवढंच सुचवतो. पुढच्या वेळी रांग वाकडी झाली आणि तोंडात 'शिस्त' आलं, की मुलांना त्या शब्दाचं जुनं घर दाखवा. तिरंदाजाच्या अंगठ्यातलं कडं दाखवा. जाड कागदाला टाचणीने भोक पाडायला लावा आणि त्यातून फळ्यावरची अक्षरं वाचायला लावा. पोरं खूश होतात. मागच्या बाकावरच्या ज्या पोराला चष्म्याची गरज आहे आणि घरी कुणाच्या लक्षात आलेलं नाही, त्याचा चेहराही तेवढ्यात ओळखू येतो. भोकातून त्याला फळा अचानक स्पष्ट दिसतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गात अशी तीन मुलं सापडली. तिघांनाही आता चष्मा आहे.